जर्मन गाडीचा दुभाष्या

पुण्याच्या नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांचा जो जुना बाजार आहे, त्याच्या एका बोळात गॅरेज चालविणाऱ्या वयोवृद्ध मिस्त्रींकडे मी माझी जर्मन कुळातील गाडी प्रथम घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी ना बोनेट उघडले, ना इंजिनाच्या आवाजाला कान लावला, चालकाच्या गुडघ्यांच्या वर, डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला दडलेल्या सोळा घरांच्या एका खोबणीत त्यांनी एक वायर खोचली आणि हातातील पाटीएवढ्या पडद्यावर नजर ठेवून ते म्हणाले, "बसा साहेब. आधी गाडीची जबानी होऊ द्या, मग तुमची घेतो." मोटारीलाही जबानी देता येते आणि ती समजून घ्यावयास दुभाष्या लागतो, ही गोष्ट त्या दिवशी माझ्या ध्यानात आली, आणि पुढे असा एक दुभाष्या, ज्याला बाजारात नुसते 'स्कॅनर' म्हणतात, स्वतःसाठी विकत घेण्याचा प्रसंग आला, तेव्हा जी चौकशी करावी लागली तिचा हा वृत्तान्त आहे.

आजच्या मध्यम प्रतीच्या जर्मन मोटारीतही इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, एअरबॅग, दारे, दिवे, वातानुकूलन अशा प्रत्येक खात्यावर एकेक संगणकीय कारकून नेमलेला असतो, आणि उंची गाडीत या कारकुनांची संख्या कित्येक डझनांवर जाते. प्रत्येकाचे दफ्तर स्वतंत्र. परंतु ब्रेकच्या कारकुनाला चाकाची गती कळली आणि ती गिअरबॉक्सच्या कारकुनाला कळली नाही, तर कारभार चालावयाचा कसा? पूर्वी अशा प्रत्येक निरोपासाठी एक वेगळी तार ओढीत असत, व त्या तारांचे जाडजूड वेटोळे गाडीभर पसरे. स्टुटगार्टजवळच्या बॉश कंपनीने १९८३ साली या प्रश्नाला हात घातला आणि १९८६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील डेट्रॉइट येथे अभियंत्यांच्या परिषदेपुढे 'कॅन' नावाची पद्धती मांडली. दोन पिळदार तारांची ही एक चावडीच आहे: जो तो आपला निरोप चावडीवर मोठ्याने सांगतो, ज्याला हवा तो ऐकतो, आणि दोघे एकाच क्षणी बोलू लागले तर ज्याच्या संदेशाचा क्रमांक लहान त्याला मान देऊन दुसऱ्याने मुकाट्याने थांबावयाचे. १९९१ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये ही चावडी प्रथम भरली, आणि आज स्कॅनर जेथे खोचतात त्या सोळा घरांपैकी सहावे व चौदावे घर हे याच चावडीचे दरवाजे होत. चौथे व पाचवे घर जमिनीचे, सोळावे बॅटरीच्या धन टोकाचे. म्हणूनच साधा स्कॅनर स्वतःच्या बॅटरीवाचून, गाडीच्याच अन्नावर जगतो.

ही खोबण सर्व गाड्यांत सारखी असण्याचे श्रेय कोणा कारखानदाराच्या औदार्याला नाही. ते आहे कॅलिफोर्नियाच्या धुरकट हवेला. लॉस एंजलिसच्या आकाशावरील धुराने हैराण झालेल्या तेथील हवा-मंडळाने १९८८ च्या गाड्यांपासून असा नियम केला की धूर आटोक्यात ठेवणारी यंत्रणा बिघडल्यास गाडीने स्वतः दिवा लावून तसे कळवावे. १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत एकच खोबण आणि दोषांचे एकच क्रमांक सक्तीचे झाले. युरोपात पेट्रोलच्या गाड्यांना २००१ पासून व डिझेलच्या गाड्यांना त्यानंतर दोनतीन वर्षांत हा कायदा लागू झाला, आणि आपल्याकडे भारत स्टेज चारच्या अंमलात, २०१० व २०१३ अशा दोन टप्प्यांत. पी ०४२० म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाची ताकद घटली, पी ०३०० म्हणजे सिलिंडरांत अनियमितपणे ठिणगी वाया जात आहे, हे क्रमांक डेट्रॉइटच्या गाडीतही तेच आणि चाकणच्या गाडीतही तेच.

परंतु कायद्याने सक्ती केली ती धुरापुरती, आणि खरी मेख येथेच आहे. एअरबॅग, ब्रेक, दारे, दिवे, गिअरबॉक्स यांच्या कारकुनांनी आपली कैफियत कोणत्या भाषेत द्यावी याविषयी कायदा बराचसा मौन पाळून असल्यामुळे प्रत्येक घराण्याने आपली मोडी लिपी स्वतःपुरती ठेविली. तेव्हा पाचशे-सातशे रुपयांचा जो अंगठ्याएवढा ब्लूटूथ डबा कोणत्याही गाडीला बोलते करतो म्हणून विकला जातो, तो खोटे बोलत नाही, पण त्याला येते ती केवळ धुराची भाषा, म्हणजे परक्या गावात पाणी कोठे मिळेल एवढेच विचारता येणाऱ्या प्रवाशाइतकी. या डब्यांच्या पोटातील चिप मूळची कॅनडातील एका छोट्या कंपनीची. तिने पहिली आवृत्ती नकलेपासून सुरक्षित न करताच बाजारात आणली, आणि जगभर तिच्या नकलांचे पीक आले. कित्येक डब्यांवर '१.५' असा आवृत्तीचा आकडा अभिमानाने छापलेला असतो. मूळ कंपनीने त्या आकड्याची चिप कधी काढलीच नव्हती, म्हणजे चोराने चोरीच्या मालावर आपल्याच हाताने पावती लिहून ठेवल्यासारखे झाले. दिव्याचे कारण पाहण्यापुरता असा डबा गाडीत असावयास माझी हरकत नाही. त्यावर कोडिंगचा, म्हणजे गाडीच्या दफ्तरातील नोंदी बदलण्याचा, भरवसा ठेवू नये.

याचा अर्थ असा की स्कॅनर निवडताना पहिला प्रश्न 'कोणता चांगला' हा नव्हे, तर 'कोणत्या घराण्यासाठी आणि कोणत्या अधिकाराचा' हा आहे.

अधिकार म्हणजे काय, ते आधी पाहू. सर्वांत खालची पायरी वाचण्याची: दोषांची फेरिस्त काढणे व ती पुसणे. दुसरी पायरी चालू आकडे पाहण्याची, आणि माझ्या मते सामान्य मालकाला सर्वांत उपयोगी पायरी हीच. तिसरी हुकूम देण्याची. बटणाने लागणारा हँडब्रेक असलेल्या गाडीचे मागचे ब्रेक पॅड बदलावयाचे असतील, तर मागच्या कॅलिपरमधील मोटारीला मागे सरकण्याचा हुकूम स्कॅनरनेच द्यावा लागतो. जुन्या सवयीने दट्ट्या पिळून आत ढकलू पाहणाऱ्या फिटरने ती मोटार मोडल्याची उदाहरणे गॅरेजागणिक ऐकावयास मिळतात. तेलात बुडालेल्या क्लचच्या, डीएसजी नावाच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये तेलाची पातळी मोजावयाची ती ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान, आणि ते तापमान सांगणार कोण, तर स्कॅनर. डिझेल गाडीच्या काजळीच्या जाळीत किती ग्रॅम काजळी साचली हे पाहून ती जाळण्याचा हुकूम देणे हेही याच पायरीवरचे.

चौथी पायरी कोडिंगची. कारखान्यात एकाच जातीचा कारकून दहा प्रकारच्या गाड्यांत बसवितात, आणि ही गाडी उजव्या हाताच्या चालकाची की डाव्या, हिला पाऊस ओळखणारा वायपर आहे की नाही, अशी माहिती त्याला एका लांब आकडेमालेने सांगतात. त्या मालेतील प्रत्येक जोडाक्षराच्या पोटात आठ सूक्ष्म खुंट्या असतात, प्रत्येक वर किंवा खाली. एक खुंटी फिरविली की वळताना धुक्याचा दिवा त्या बाजूला उजळू लागतो, दुसरी फिरविली की चावी लावताच वेगाचा काटा एकदा शेवटपर्यंत जाऊन परत येतो. हौशी मंडळी बहुधा याच नादाने स्कॅनर घेतात. त्यांना हसण्याचे कारण नाही. परंतु कोडिंगचे खरे प्रयोजन दुरुस्तीत आहे. डिझेलचा इंजेक्टर बदलला तर प्रत्येक इंजेक्टरवर कोरलेला, त्याच्या फवाऱ्यातील केसभर फरक सांगणारा संकेत इंजिनाच्या दफ्तरी चढवावा लागतो, एरवी नवा इंजेक्टर जुन्याच मापाने चालविला जातो. बीएमडब्ल्यूमध्ये तर बॅटरी बदलली तरी ती नोंदवावी लागते, कारण बॅटरीचे वय पाहून तिला किती विद्युत् पाजावयाची हे तेथील कारकून ठरवितो, आणि नोंद न झाल्यास नव्या तरुण बॅटरीला म्हाताऱ्या बॅटरीची मात्रा देत राहतो. बॅटरी त्याच जातीची व त्याच मापाची असेल तर नुसती नोंद पुरते, ८० अँपिअर-तासांच्या जागी ९० ची बसविली तर कोडिंगही बदलावे लागते. पाचवी व शेवटची पायरी म्हणजे कारकुनाच्या डोक्यातील सारी आज्ञावलीच नवी घालणे. ती मालकाने आपल्या अंगणात करू नये, आणि याविषयी मी वाद घालणार नाही.

आता घराणी. आपल्या मुलखाला यांतले फोक्सवॅगन घराणे सर्वांत जवळचे: २००१ पासून औरंगाबादजवळच्या शेंद्रा येथे स्कोडा, २००९ पासून चाकणला फोक्सवॅगन, आणि ऑडीची जुळणीही औरंगाबादेसच, त्यामुळे महाराष्ट्रातील गॅरेजांत या भाषेचे जाणकारही अधिक. या घराण्याला गाडीची जबानी घेण्याची हौस जुनी आहे. १९७० च्या सुमारास बीटलच्या इंजिनापाशीसुद्धा कार्यशाळेतील तपासणी-यंत्राची तार खोचण्यासाठी खास खोबण दिलेली असे. अधिकृत कार्यशाळेत आज 'ओडिस' ही प्रणाली चालते. स्वतंत्र मिस्त्रींचा व जाणकार मालकांचा जीव मात्र बसला आहे तो अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या एका लहान कंपनीने काढलेल्या 'व्हीसीडीएस'वर. हे विंडोजच्या संगणकावर चालते, पडदा रुक्ष, अक्षरे बारीक, पण प्रत्येक खुंटीवर माहितीचा कागद चिकटविलेला. आणि परवाना घेताना तीन गाड्यांचा, दहा गाड्यांचा की अमर्याद, एवढाच निर्णय करावयाचा. घरात एकदोन गाड्या असणाऱ्याला तीनचा परवाना आयुष्यभर पुरावा. ज्याला संगणक उघडण्याचा कंटाळा, त्याच्यासाठी लिथुआनियातील 'ओबीडी-इलेव्हन' हा फोनवर चालणारा डबा आहे. त्यात कोडिंगचे तयार नुस्खे एकेका टिचकीने लागू होतात, मात्र त्यासाठी टप्प्याटप्प्याने पैसे मोजावे लागतात, आणि नुस्खा देणारा आत काय फिरवितो हे घेणाऱ्याला कळत नाही. मला कळलेले बरे वाटते, म्हणून मी रुक्ष पडद्याच्या पक्षाचा.

बीएमडब्ल्यूच्या घरी कालखंड पाहून दुभाष्या निवडावा लागतो. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या गाड्यांत बोनेटखाली वीस टोकांची वाटोळी खोबण असे. त्यानंतरच्या 'ई' मालिकेच्या गाड्यांना एक विशिष्ट तार लागते, जी २००७ च्या आधीची जुनी एकतारी भाषा व नंतरची कॅनची भाषा अशा दोन्ही बोलते. आणि 'एफ' व 'जी' मालिकांना चक्क कार्यालयातील संगणक-जाळ्यात वापरतात तसली इथरनेटची तार. तारेचे मोल अल्प, पण चुकीची तार घेतलेल्याचा सारा रविवार फुकट जातो. फोनवर कोडिंग करणाऱ्यांत 'बिमरकोड' या घराण्यापुरते उत्तम आहे; निदानासाठी अधिकृत 'इस्ता' ही प्रणाली अधिक खोल जाते, कारण ती नुसता दोष सांगून थांबत नाही, पुढे कोठे मोजावे याची तपासणी-योजनाही हाती देते.

मर्सिडीजचा स्वभाव राजघराण्याचा. तिच्या जुन्या गाड्यांची खोबण अडतीस टोकांची, अधिकृत प्रणाली 'झेंट्री', आणि महत्त्वाच्या कारकुनाचे कोडिंग करावयाचे तर कारखान्याच्या मध्यवर्ती दफ्तराकडून जाळ्यावरून त्या विशिष्ट गाडीसाठी आकडा मागवावा लागतो. पुण्यात ही गाडी १९९५ पासून तयार होत आहे, तरी तिच्या किल्ल्या स्टुटगार्टलाच. पोर्शेची गोष्ट येथे करीत नाही. ज्याच्याकडे पोर्शे आहे त्याच्याकडे सल्लागारही असतो.

ज्या मिस्त्रींकडे सकाळी ऑडी, दुपारी बीएमडब्ल्यू आणि सायंकाळी मारुती येते, त्यांना एकेका घराण्याचा दुभाष्या परवडत नाही. ते बॉशचा केटीएस, किंवा ऑटेल, लाँच यांसारखे बहुभाषी यंत्र घेतात. वाचणे, हुकूम देणे, सर्व्हिसचा दिवा पुसणे ही कामे अशी यंत्रे उत्तम करतात, आणि कोडिंगमध्येही दरवर्षी पुढे सरकत आहेत; परंतु त्यांच्या खरेदीत एक खोच अशी की यंत्राची किंमत एकदा द्यावयाची असली तरी नव्या गाड्यांची भाषा शिकविण्याचा वार्षिक शुल्कपट्टा वेगळा असतो, आणि तो थकला की दुभाष्या त्या तारखेपाशीच अडाणी राहतो. विक्रेत्याला म्हणून तीन गोष्टी विचाराव्यात: तिसऱ्या वर्षी किती भरावे लागेल, माझ्या गाडीच्या नेमक्या वर्षी, नेमक्या इंजिनावर, मला हवे ते नेमके काम होते काय, आणि ते येथे, आत्ता, माझ्या गाडीवर करून दाखवाल काय. तिसऱ्या प्रश्नाला विक्रेत्याच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते माहितीपत्रकात नसते.

नव्या गाड्यांत आणखी एक पहारेकरी उभा राहिला आहे. फोक्सवॅगनने आपल्या गोल्फ गाडीच्या आठव्या पिढीपासून महत्त्वाच्या दफ्तरांना कुलूप घातले. स्कॅनर कितीही हुशार असला तरी लिहिण्यापूर्वी कंपनीच्या सर्व्हरकडून परवानगी आणावी लागते आणि ती सुमारे दीड तासच चालते. कंपन्या म्हणतात, चोर व उपटसुंभ यांच्यापासून संरक्षण. स्वतंत्र मिस्त्री म्हणतात, आमच्या पोटावर पाय. दोघांचेही थोडे थोडे खरे आहे, आणि ज्या घराण्याच्या आज्ञावलीने धुराच्या चाचणीची चाहूल लागताच गाडीला सभ्यपणाचे सोंग घ्यावयास लावले, व २०१५ साली ते उघडकीस आल्यावर जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांची अब्रू गेली, त्याने दफ्तराच्या पावित्र्याची भाषा बोलताना जरा आवाज खाली ठेवावा, असे मला वाटते. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी एका मालकाच्या तक्रारीवरून चौदा मोटार-कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि त्यांत जर्मन घराणीही होती. सुटे भाग व निदानाची यंत्रे स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळत नाहीत हा त्या निकालाचा गाभा होता. अपिलांचा पुढचा प्रवास कायदेपंडितांसाठी सोडू. युरोपच्या न्यायालयानेही ५ ऑक्टोबर २०२३ रोजी असा निर्णय दिला की कायद्यात नसलेल्या अटी लादून कारखानदाराला या खोबणीवर पहारा बसविता येणार नाही. म्हणजे २०२० नंतरची गाडी असणाऱ्याने स्कॅनरबरोबर त्याच्या कंपनीला कुलूप उघडण्याचा अधिकृत मार्ग आहे काय, हेही पाहावे.

आता माझी गाडी. तिच्या इंजिनाचा दिवा लागला होता, क्रमांक पी ०१७१, अर्थ 'मिश्रणात हवा अधिक, इंधन उणे'. त्याआधीच्या गॅरेजमध्ये हा क्रमांक वाचून लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलण्यात आला होता. पैसे गेले, दिवा आठवड्याने पुन्हा लागला. नाना पेठेतील मिस्त्रींनी क्रमांक पाहिला, पण पुसला नाही. त्यांनी चालू आकडे उघडले आणि इंजिन आपल्या इंधनाच्या मापात किती टक्के दुरुस्ती करीत आहे ती रांग मला दाखविली: इंजिन मंद चालत असता ती अधिक २२ टक्के, आणि अॅक्सिलरेटर दाबून फेरे अडीच हजारांवर नेताच उतरून ४ टक्क्यांवर. "मोठ्या तोंडाने जेवताना जे जाणवत नाही, ते घोट घोट पिताना जाणवते," असे ते म्हणाले. मंद चालीत इंजिन हवा थोडीच घेते, म्हणून मोजमापाला चुकवून आत शिरणारी चोरटी हवा तेथे मोठी दिसते. वेग वाढला की तीच चोरी एकूण हवेत बुडून जाते. सेन्सर दोषी असता तर आकडे असे हलते ना. पंधरा मिनिटांत हवा मोजणाऱ्या यंत्राच्या पुढे असलेल्या रबरी नळीच्या घडीत दडलेली बोटभर चीर सापडली. सेन्सरने बिचाऱ्याने खरी साक्ष दिली होती, आणि साक्ष दिल्याबद्दल त्यालाच फाशी झाली होती.

स्कॅनर मी शेवटी घेतला तो एकाच घराण्याचा, वाचणे व कोडिंग दोन्ही येणारा, आणि दाखविण्यासाठी प्रथम मिस्त्रींकडेच नेला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, मग गल्ल्याखालून एक खतावणी काढली. तिच्यात गाडीचा नंबर, तारीख, कारकुनाचा क्रमांक आणि त्याची मूळ आकडेमाला, अशी पानेच्या पाने निळ्या शाईने भरलेली होती. बदललेली माला त्याखाली पेन्सिलीने. कोडिंगला हात लावण्यापूर्वी जुनी माला उतरून घ्यावयाची, आणि काम चालू असेतो बॅटरीला स्थिर दाबाचा पुरवठा जोडून ठेवावयाचा, कारण चावी चालू व इंजिन बंद अशा अवस्थेत बॅटरी मधेच बसली तर अर्धवट लिहिलेला कारकून पुन्हा बोलता होईलच असे नाही, एवढ्या दोन गोष्टी त्यांनी मला सांगितल्या. मग वहीचे एक कोरे पान उघडून त्यांनी माझ्यापुढे सरकविले व विचारले, "नंबर काय म्हणालात गाडीचा?"